पार नेणारं पाणी

जवळ ये, मंजू. अजून जवळ, आणि आधी खाली बस बघू. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात फोन, असं उभ्याउभ्या माझं पत्र वाचायची तुझी खोड मला मुळीच आवडत नाही. आणि माणसाला काही विचारावं नि उत्तर यायच्या आत दुसऱ्याच कामाला लागावं, हे गं कुठं शिकलीस? तुझी आई, माझी धाकटी बहीण, अशी नव्हती. ती विचारायची ते ऐकायलाच. त्या दिवशी तुझ्या तिकडच्या ओटाहुहूच्या स्टेशनातून तू फोन केलास, "मावशी, काकांच्या अस्थींचं सगळं नीट झालं ना?" म्हणालीस, मी "झालं हो" म्हणाले आणि तू गाडीत चढलीस. ते खरं नव्हतं. काही झालेलं नाही. तुझे काका अजून इथंच आहेत. वेलिंग्टनजवळच्या लोअर हटच्या या घरात, पूर्वेच्या खोलीत, त्यांच्याच पुस्तकांच्या कपाटावर, लाल कापडानं तोंड बांधलेल्या पितळी तांब्यात. सकाळचं कोवळं ऊन आधी त्या तांब्यावर येतं आणि मग माझ्या अंथरुणावर उतरतं. ते तिथं का राहिले हे सांगायचं तर मला एका शब्दाची गोष्ट सांगावी लागेल. शब्द आपला नाही. फार लांबून, उत्तरेच्या गारठलेल्या किनाऱ्यांवरून आलेला आहे.

त्या शब्दाला माझ्या मनात लिंबाच्या ओल्या पानांचा वास आहे. इथल्या हिवाळ्यात दक्षिणेचा वारा दरीतून असा घुसतो की दोरीवरचे कपडे वाळतात कमी आणि पळून जातात जास्त. पण त्या रविवारी वारा पडला होता, नदीकाठचं धुकं टेकड्यांच्या कमरेपर्यंत चढून थबकलं होतं आणि शेजारच्या सोल्वेगबाईंच्या झाडाची लिंबं कुंपणावरून आमच्या अंगणात डोकावत होती. बाई ऐंशीच्या पुढच्या. काटक, उंच, एवढ्या थंडीत पायात नुसत्या जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. लिंबं तोडून माझ्या ओच्यात टाकता टाकता सहज बोलून गेल्या की त्या मूळच्या नॉर्वेच्या, पश्चिम किनाऱ्यावरच्या एका फियॉर्डकाठच्या. तुझे काका व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत होते. तो शब्द कानावर पडताच ते असे उठून आले, जणू देव्हाऱ्यातली मूर्ती शेजारच्या घरात राहते असं कुणी सांगितलं असावं.

तुला माहीत आहे, ते जन्मभर भूगोल शिकवत होते. गुहागरकडच्या त्या शाळेत जायला रोज खाडी ओलांडावी लागे. सकाळच्या तरीच्या होडीत बसून पोरांच्या वह्या तपासत ते पलीकडे जात आणि संध्याकाळी खाऱ्या वाऱ्यानं चिकट झालेले कपडे घेऊन परत येत. आणि शाळेत शिकवत काय, तर नॉर्वेचा किनारा. "नॉर्वेचा किनारा दंतुर आहे. हिमनदीनं खोदलेल्या दरीत समुद्राचं पाणी शिरलं की त्याला फियॉर्ड म्हणतात. लिहा." खडूनं फळ्यावर ते फियॉर्ड असे काढत, की उतारांवर हात फिरवला तर गार लागतील. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं जे काही शिकले ते त्यांच्या पुस्तकांतून आणि वाण्याच्या पुड्यांच्या कागदांतून. पण दंतुर हा शब्द मला तेव्हापासून ठाऊक आहे, आणि तो उच्चारताना त्यांच्या चेहऱ्यावर येणारी ओढही. न पाहिलेल्या जागेची अशी ओढ मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही.

"तुम्ही तो शब्द कसा म्हणता?" त्यांनी कुंपणावरून पहिलं हेच विचारलं. नाव नाही, गाव नाही.

"फ्यूर," बाई म्हणाल्या. "शेवटचा ड आम्ही गिळून टाकतो. थंडी फार, टीचर. तोंड जास्त वेळ उघडं ठेवायची सोय नाही."

त्यानंतर किती रविवार गेले. इकडून माझं लिंबाचं लोणचं जायचं, ("हे अन्न नाही, ही शिक्षा आहे," असं म्हणून बाई बरणी मात्र चाटूनपुसून परत करायच्या), आणि तिकडून शब्द यायचा, दर वेळी नव्या पाण्यात भिजलेला. बाईंची मावशी डेन्मार्कात दिलेली. तिथंही फियॉर्डच म्हणतात, पण ते पाणी उथळ, सपाट माळांमध्ये पसरलेलं, कडे नाहीत की खोली नाही, कुठं कुठं तर गाय पायी चालत जाईल असं. स्वीडनमध्ये तो शब्द जरा तोंड वाकडं करून फ्यॅर्ड होतो आणि बेटाबेटांमधल्या मोकळ्या पाण्याला लागतो. आइसलंडात तो फ्योर्दुर. तिथं रुंद, वाऱ्यानं झोडपलेल्या खाडीमुखांनाही तेच नाव. तुझे काका चक्रावले. वर्गात त्यांनी शिकवलेली व्याख्या एका देशापुरतीच निघाली होती. एवढ्या वेगवेगळ्या पाण्यांना एकच नाव कसं, या एका प्रश्नासाठी ते ग्रंथालयाच्या खेपा घालू लागले. जाताना टोपी विसरत, येताना छत्री.

एका दुपारी मी फोडणी करत होते, मोहरी तडतडत होती, आणि ते चष्मा कपाळावर सरकवून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. "अगं, गॅस बंद कर."

"मोहरी जळेल."

"जळू दे. ऐक. हे पाण्याच्या रूपाचं नाव नाहीच. हे माणसाच्या जाण्याचं नाव आहे." आणि मग त्यांनी सांगितलं, की उत्तरेच्या त्या सगळ्या भाषांच्या पोटात जी जुनी भाषा आहे तिच्यात हा शब्द जाण्याच्या, प्रवासाच्या क्रियापदाच्या घरातला, पाणी ओलांडायची जागा, होडी घालायची जागा, ती फियॉर्ड. मग पाणी खोल असो की उथळ, काठ उभे असोत की आडवे. पलीकडे जाता आलं म्हणजे झालं. इंग्रजांचं फेरी हे त्याच घरातलं. आणि त्या सगळ्यांच्याही मागे गेलं तर एक मूळ असं, की त्याचा एक फाटा आपल्याकडे आला. "पार," ते म्हणाले. "आपलं पार. पलीकडचा काठ. पलीकडे नेणं." त्यांचे डोळे भरून आले होते. मोहरी खरोखरच जळली होती, आणि त्या धुरात आम्ही दोघं म्हातारी माणसं ठसकत हसत होतो. रोज तरीतून खाडी पार करणाऱ्या माणसानं जन्मभर ज्या शब्दाची व्याख्या शिकवली, त्या शब्दात तो स्वतःच बसलेला होता आणि त्याला ते कळायला पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला यावं लागलं.

हे त्यांनी सोल्वेगबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातली लिंबं खाली ठेवली. मग म्हणाल्या, की त्यांच्या लहानपणी देऊळ पलीकडच्या काठावर होतं. घाटाचा रस्ता नव्हता. बारशाचं मूल होडीतून जायचं, नवरी होडीतून जायची, आणि माणूस गेलं की शवपेटीही होडीतच. आजीच्या वेळी त्या मागच्या होडीत बसल्या होत्या. वल्ह्यांशिवाय आवाज नव्हता आणि पाणी इतकं काळं नि शांत होतं, की डोंगर उलटे होऊन पेटीखालून सरकत होते.

तुझे काका त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, "मी गेलो की मला नाशिकला नेऊ नका. इथल्या दक्षिणेला फियॉर्ड आहेत. तिथं सोडा. तीर्थ म्हणजे तरी मुळात पाणी ओलांडायची जागाच. मुळापासून तीर्थ आहे ते."

"आधी जिवंतपणी तरी बघा," मी म्हणाले.

म्हणाले खरं. पण नेलं कुणी? मंजू, हे पुढचं मी दोनदा लिहून खोडलं. दर उन्हाळ्यात ते विचारायचे, या वर्षी जायचं का. आणि दर उन्हाळ्यात माझ्याजवळ काहीतरी तयार असे. गुडघे. थंडी. अनघाची रजा, आमची लेक वेलिंग्टनला रोज ट्रेननं जाते, तिला रजा कुठली सारखी? एकदा तर मी पापड वाळत घातलेत असं कारण दिलं. पापड! ते कधी रुसले नाहीत. नकाशा उघडायचे, बोटानं तो दंतुर किनारा खालपर्यंत उतरायचे आणि नकाशा मिटून ठेवायचे. गेल्या आषाढात, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, दुपारच्या चहाच्या आधी खुर्चीत बसल्या बसल्याच ते गेले. मी आत आलं किसत होते.

इथं अस्थी वेचायला जात नाहीत. काही दिवसांनी करड्या रंगाची एक पेटी हातात देतात. आत चाळलेल्या पिठासारखी राख, वर नावाची चिठ्ठी. एवढासा हाडाचा तुकडादेखील ओळखीचा नाही. मी त्यांच्या पूजेतला तांब्या घासला, राख त्यात घातली, लाल खणानं तोंड बांधलं, आणि भाद्रपदाच्या वद्य पक्षात, आपल्याकडे पितरांची पानं वाढतात त्या दिवसांत, अनघाबरोबर दक्षिणेला निघाले. उलट्या ऋतूंचा हा देश. पितृपक्षात इथं वसंत येतो. रस्त्याकडेला कोव्हायच्या झाडांना पिवळ्याधमक फुलांचे घोस लटकले होते, त्यांच्यातला मध पिणारे तुई पक्षी गळा फुगवून गात होते, आणि माझ्या मांडीवर तांब्या.

"आई, बाबांना सीटबेल्ट लाव," गाडी चालवताना अनघा म्हणाली. मला आधी राग आला, मग हसू. मी पट्टा खरंच तांब्यावरून घेतला.

शेवटच्या डोंगरातल्या बोगद्यातून बाहेर पडलो आणि पाऊस सुरू झाला. तो पाऊस आपल्यासारखा कोसळत नव्हता. कड्यांनाच पाझर फुटले होते. जिथं नजर टाकावी तिथं काळ्या पाषाणावरून पांढरे ओघळ, शेकडो, नाव नसलेले, पाऊस थांबला की नाहीसे होणारे. मग ते पाणी दिसलं. दोन्ही बाजूंनी डोंगर सरळ पाण्यात उतरलेले, शिखरांवर अजून बर्फ, मध्ये ढगाच्या रंगाचं स्तब्ध पाणी. मी ते पूर्वी पाहिलं होतं, गुहागरच्या शाळेत गॅदरिंगला गेले होते तेव्हा, काळ्या फळ्यावर, पांढऱ्या खडूनं. एकही रेघ चुकली नव्हती. आणि ज्याचा हात तो, तो माझ्या कुशीत मूठभर होऊन बसला होता.

आम्ही कुणाला काही विचारलं नव्हतं. आपल्या मनात असं असतं ना, की वाहतं पाणी आहे, श्रद्धा आहे, फुलं आहेत, मग परवानगी कुणाची घ्यायची? गंगेवर कोण विचारतं? प्रवाशांच्या बोटीत चढायचं, मागच्या बाजूला जायचं, आडोसा बघून तांब्या रिकामा करायचा आणि हात जोडायचे, एवढंच ठरलं होतं. मी पदराआड खण सोडू लागले. तेवढ्यात बोटीवर काम करणारी एक माओरी, म्हणजे इथल्या मूळच्या लोकांतली, बाई जवळ आली. पन्नाशीची असेल, हिरवं जाकीट, गळ्यात हिरव्या दगडाचं लोलक. तिनं तांब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चक्क ओल्या फळ्यांवर उकिडवी बसली, माझ्या डोळ्यांच्या पातळीवर.

"किया ओरा, आंटी," तिनं तिच्या भाषेत नमस्कार केला. "कोण आहेत?"

काय आहे असं तिनं विचारलं नाही गं. कोण आहेत, असं विचारलं. मला रडू आवरेना. अनघानं सांगितलं, की माझे बाबा.

"इथं नको, आंटी," ती हळूच म्हणाली. "या पाण्यातून आम्ही खातो. आमचे गेलेले आणि आमचं अन्न आम्ही एकत्र येऊ देत नाही."

अनघा मराठीत समजावू लागली, पण मला त्याआधीच कळलं होतं. स्मशानातून आलेला माणूस आंघोळीआधी माजघरात पाऊल टाकत नसे अशा घरात मी वाढले. सासूबाई तर त्या दिवशी चुलीकडे बघूही देत नसत. मी कुणाच्या तरी चुलीत माझं सुतक घेऊन शिरत होते. मला इतकी लाज वाटली, की खणाची गाठ परत बसेना. तिनंच बांधून दिली, घट्ट, नीट, जणू रोजचं काम.

मग ती तशीच बसून राहिली. कुठून आलात, म्हणाली, लोअर हट सांगितल्यावर म्हणाली, "तुमच्या तिथल्या नदीचीही माणसं आहेत, पिढ्यान्पिढ्या ती राखणारी, आमच्यासारखीच. त्यांना जाऊन विचारा. नीट विचारलंत तर ते जागा दाखवतील." मी तिला तुझ्या काकांच्या शब्दाचं सांगितलं, माझ्या तुटक्या इंग्रजीत, नॉर्वे, होड्या, पार, सगळं. तिनं मनापासून ऐकलं. "छान शब्द आहे," ती म्हणाली. "पण या जागेला आधीपासून नाव आहे. पिओपिओताही. एकटा पिओपिओ. मोठा वीर मावुई मेला तेव्हा त्याचं दुःख करायला एक पक्षी एकटाच इथं उडत आला." पाऊस थोडा कमी झाला होता. "तो पक्षी आता कुठंच उरला नाही," ती म्हणाली आणि दोर गुंडाळायला उठून गेली.

परतीच्या वाटेवर हेच मनात घोळत राहिलं. एका शब्दाचं मूळ शोधायला तुझे काका नॉर्वेला गेले, डेन्मार्क-स्वीडन फिरले, आइसलंड गाठलं, तिथून संस्कृतापर्यंत आले. आणि ज्या पाण्यात कायमचं राहायचं ठरवलं, त्या पाण्याला इथली माणसं काय म्हणतात हे विचारायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. इतकी वर्षं आम्ही इथं राहतो, किया ओरा म्हणतो, नदीकाठी फिरतो. ते असते तर त्यांनी कपाळावर हात मारून घेतला असता आणि पुढच्याच क्षणी वही उघडली असती. मी नुसती खिडकीबाहेर बघत बसले.

घरी आल्यावर सोल्वेगबाईंना सांगितलं. मला वाटलं, त्या हळहळतील. त्यांनी माझा हात हातात घेतला. बोटांना लिंबाचा वास होता. "अगं बाई," असंच काहीतरी त्यांच्या भाषेतलं म्हणाल्या, आणि मग सावकाश, एकेक शब्द तोलत, "आजीला आम्ही पाण्यात ठेवलं नव्हतं. पाण्यावरून नेलं होतं. पलीकडे माती होती. टीचरला मी हे नीट सांगायला हवं होतं." केवढ्या गोष्टी नीट सांगायच्या राहतात, मंजू.

आणि आता जे अनघालाही सांगितलेलं नाही ते सांगते. त्या बाईनं "इथं नको" म्हटलं, तेव्हा लाज वाटली, रडू आलं, हे सगळं खरं. पण त्याच्याही आधी, क्षणभर, मला हायसं वाटलं. माझे हात तांब्यावर आपसूक आवळले गेले. त्यांना पार न्यायला मी एवढ्या लांब गेले होते, आणि ते आता इथंच राहणार म्हणताच माझा श्वास मोकळा झाला. मग वाटतं, जिवंतपणी ते दर वर्षी विचारायचे तेव्हाही असंच होतं की काय? गुडघे, थंडी, रजा हे सगळं वरवरचं. खाली कुठंतरी भीती असेल, की जन्मभराची ती ओढ एकदा पुरी झाली की या माणसाला इकडच्या काठाशी धरून काय ठेवणार? मला माहीत नाही. पार जाणाऱ्यासाठी सगळ्या भाषांनी शब्द केले. होडीचे, वल्ह्याचे, पलीकडच्या काठाचे. दोर सोडायचा असतो आणि जिच्याच्यानं तो सोडवत नाही, तिच्यासाठी कुठल्या किनाऱ्यावर काय म्हणतात, ते तुझ्या काकांच्या वहीत मी शोधलं. नाही सापडलं.

नदीच्या त्या माणसांकडे जायचं आहे. अनघा म्हणते, ईमेल करू, स्वीट ॲज, म्हणजे इथल्या बोलीत झालंच काम. ही ईमेलनं विचारायची गोष्ट नव्हे. समोर जाऊन, बसून, मान खाली घालून विचारायची आहे. कुणाला भेटायचं तेही कळलं आहे, घर फार लांब नाही. दोनदा निघाले. दोन्ही वेळा कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध घेऊन परत आले, दूध घरात असताना. तर तू ये, मंजू. शनिवार-रविवार धरून ये, नाहीतर मधलीच रजा काढ, पण लवकर ये. तू नुसती बरोबर चाल. त्यांच्या दाराशी पोचलो की मी थांबेन, मला ठाऊक आहे. तेव्हा बेल तू वाजव.